आमच्या मेथडिस्ट चर्चचं छप्पर आणि मागचा हॉल: निधी कसा उभा करावा?

घोरपडीकर

सर्वांना सलाम.

पुणे कॅम्पातल्या आमच्या मराठी मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मंडळीपुढे मोठं काम आहे. इथं बांधकामातली, हिशेबातली, देवळं आणि मंडळं चालवणारी माणसं वाचतात, म्हणून विचारतोय. मंडळीचं नाव लिहीत नाही, कारण मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचा ठराव अजून डी. एस. साहेबांकडे (जिल्हा अधीक्षकांकडे) आहे.

इमारत ब्रिटिश अमदानीतली. काळ्या दगडाच्या भिंती, छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं. यंदा पावसाळ्यात वेदीच्या डाव्या अंगाची भिंत सुकेचना, म्हणून सुताराला वर चढवलं. कैचीचं टोक भिंतीत बसतं तिथं त्यानं पेचकस टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरून रंग शाबूत आणि आत वाळवीनं केलेला भुगा. त्याच्या खालची बाकं आता दोरी बांधून रिकामी ठेवली आहेत.

दुसरी अडचण जागेची. नाताळला आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) निम्मी मंडळी बाहेर मांडवात बसते, ते एक वेळ चालून जातं. पण शब्बाथशाळेला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाला, वर्षभर खोली नाही, म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या चढवत नाहीत आणि स्वच्छतागृह आवाराच्या पार टोकाला आहे. म्हणून छपराची दुरुस्ती, मागच्या बाजूला हॉल व वर्ग, आणि एक उतरता रस्ता (रॅम्प) असं काम ठरलं आहे.

पैसा कुठून आणायचा यावर बैठकीत तीन सूचना आल्या. मोठी देणगी देणाऱ्याचं नाव बाकावर किंवा संगमरवरी पाटीवर कोरायचं. फनफेअर घेऊन त्यात हाउजी (तंबोला) आणि लकी ड्रॉ ठेवायचा. नाहीतर परदेशातल्या नातेवाइकांना साकडं घालायचं.

मला या तिन्हीच्या आधी वेगळं काहीतरी हवं आहे, आणि ते मेथडिस्टांच्या घरचंच आहे. आमच्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७३९ मध्ये ब्रिस्टलला 'न्यू रूम' हे सभागृह बांधायला घेतलं आणि डोक्यावर कर्ज झालं. ते फेडायचं कसं यासाठी फेब्रुवारी १७४२ मध्ये मंडळी बसली. फॉय नावाचे एक कॅप्टन होते. ते म्हणाले, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळ जण इतके गरीब आहेत की त्यांना तेवढंही झेपणार नाही. त्यावर फॉय म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमलं तर ठीक, नाही जमलं तर त्यांच्या वाटचं मी भरीन. तुम्हीही प्रत्येकानं शेजारचे अकरा जण घ्या, दर आठवड्याला त्यांच्या घरी जा, कमी पडेल ते घाला. मग घरोघर जाता जाता कोण आजारी आहे, कुणाच्या घरी भांडण आहे, कोण दारूत बुडतोय हे कळू लागलं, आणि त्यातूनच मेथडिस्टांची क्लास मीटिंग, म्हणजे एका लीडरखालच्या लहान गटाची बैठक, सुरू झाली. म्हणजे आमची मंडळीची बांधणीच मुळात इमारतीच्या वर्गणीतून झालेली आहे.

आपल्याकडे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर १८७० मध्ये आले, तेही हेच सांगत होते की इथल्या मंडळ्यांनी आपला खर्च आपण उचलावा, अमेरिकेच्या पैशाकडे बघू नये. पुण्यातलं मेथडिस्ट काम त्याच दशकातलं.

तर माझा प्रस्ताव असा. खडकी, पिंपरी, वडगाव शेरी, वानवडी, घोरपडी असे भागवार क्लास पाडायचे, प्रत्येकाला एक लीडर, आणि दर आठवड्याला घरी जाऊन वर्गणी. उदाहरणादाखल दोनशे घरं आणि आठवड्याला शंभर रुपये धरले, तर वर्षाला १०,४०,००० होतात. सगळं काम यात होणार नाही हे मला दिसतंय. पण छपराला हात घालता येईल. तुम्ही काय म्हणता?

पेठेतला_वाचक

घोरपडीकर काका, मी ख्रिस्ती नाही, पण गावाकडच्या आमच्या देवळाच्या जीर्णोद्धारात वर्गणी गोळा करत फिरलोय. नावाच्या पाट्यांबद्दल बोलतो. आम्ही रकमेनुसार पाटी लहान-मोठी केली आणि भावकीत जी धुसफूस सुरू झाली ती कळस चढला तरी थांबली नाही. कुणाचं नाव वर, कुणाच्या वडिलांचं नाव राहून गेलं, कुणाच्या आडनावात चूक. एका घरानं तर पाटी लागेपर्यंत राहिलेले पैसे अडवून धरले. पैसा आला, नाही असं नाही. पण पाया खणताना सगळा गाव होता आणि पूजेला निम्मा.

वर्गणीला मात्र लोक कंटाळत नाहीत, फक्त पावती हातोहात मिळाली पाहिजे. क्रमांक छापलेली पावती पुस्तकं करा, कुणाला कुठल्या क्रमांकाचं पुस्तक दिलं त्याची नोंद ठेवा आणि सगळी पुस्तकं, कोरी असली तरी, परत घ्या.

एक विचारू का? लकी ड्रॉला तुमचा विरोध का? आमच्याकडे गणपतीत सर्रास असतो.

घोरपडीकर

आमच्या पंथात जुगार आणि सोडत यांना पूर्वीपासून मनाई आहे. एकाचं नशीब उघडायचं म्हणजे बाकीच्यांनी तिकिटाचे पैसे गमवायचे. त्या पैशानं वेदीवरचं छप्पर शाकारावं हे मला पटत नाही. शिवाय सरकारी परवानगीशिवाय लॉटरी चालवणं कायद्यानंही गुन्हा आहे, आणि फनफेअरमधल्या कूपनांवर कुणी बोट ठेवलं तर उत्तर पाळकसाहेबांना द्यावं लागेल. फनफेअर घ्यावाच, स्टॉल लावावेत, खाणंपिणं असावं. हाउजी नको.

पाटी_आणि_खडू

मी शब्बाथशाळेत लहान गटाला शिकवते, म्हणून जागेबद्दल लिहिते. आमचा वर्ग व्हेस्ट्रीत, म्हणजे पाळकसाहेबांच्या तयारीच्या खोलीत भरतो. एका बाजूला पाळकसाहेबांच्या झग्यांचं कपाट, दुसऱ्या बाजूला प्रभुभोजनाची भांडी, मधल्या पट्ट्यात सतरंजी. मुलं मांडीला मांडी लावून बसतात. उपासना सुरू असते म्हणून गाणं म्हणायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. चार-पाच वर्षांच्या मुलांना येशूची गोष्ट कुजबुजत सांगावी लागते. मोठा गट बाहेर चिंचेखाली बसतो आणि पाऊस आला की पोर्चमध्ये दाटीवाटीनं उभा राहतो.

छप्पर आधी होऊ दे, त्याला माझी हरकत नाही. पण छप्पर झालं की निधी आटतो आणि हॉल कागदावर राहतो, हे बाकीच्या मंडळ्यांतून ऐकलेलं आहे. हॉलचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा.

चुना_आणि_दगड

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. पैशाचा विचार कामाच्या क्रमावरून करा, मग किती, कधी लागेल ते आपोआप समोर येईल.

पहिलं पाणी. भिंत ओली आहे म्हणजे पन्हळ तुंबली असेल, कौलं सरकली असतील, नाहीतर भिंतीला कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला असेल. तो झालाय का, ते बघा. तुमची भिंत चुन्यात बांधलेली आहे. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. वरून सिमेंट फासलं की बाहेरचा रस्ता बंद होतो, पाणी भिंतीत मुरून राहतं आणि भिंतीत बसलेलं लाकडाचं टोक कायम ओलं राहतं. वाळवीला तेवढंच हवं असतं. सिमेंट न काढता नुसती कैची बदललीत तर नवीन लाकूडही तसंच जाईल. दगडांमधले सांधे चुन्यानं भरून घ्या. चुन्यात काम करणारे गवंडी थोडे उरलेत, पण पुण्यात मिळतात.

अख्खी कैची बदलायची गरज बहुधा नसते. सडलेलं टोक कापून जुन्या सागवानाचा तुकडा जोडता येतो, भिंतीत बसतो तिथं हवा खेळायला जागा ठेवायची. जुनं सागवान आणि मंगलोरी कौलं पेठांतले वाडे पाडताना निघतात, ती बघून घ्या. आधी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) मात्र नक्की करा, आणि तेही जुन्या दगडी बांधकामाची जाण असलेल्या माणसाकडून.

छप्पर उघडायचं तर पावसाळा संपल्यावर. तुमचा नाताळ मध्ये येतो, म्हणजे जानेवारी ते मे एवढाच काळ हातात. त्या आधी छपराचे सगळे पैसे जमा हवेत. कौलं उतरवून ठेवली आणि ठेकेदाराचं बिल थकलं म्हणून काम थांबलं, तर जूनमध्ये पाऊस थेट वेदीवर पडेल.

आणि परवानगी. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असाल तर बोर्डाच्या मंजुरीशिवाय वाढीव वीटही लावता येणार नाही. तिथल्या बऱ्याच जागा ओल्ड ग्रँटच्या आहेत, म्हणजे जमीन सरकारची आणि ताबेदाराचा हक्क फक्त वरच्या इमारतीवर. जनरल लँड रजिस्टरमधला (कॅन्टोन्मेंटच्या जमिनींच्या नोंदवहीतला) उतारा काढून जागा कुठल्या प्रकारात नोंदली आहे ते पाहा. दुरुस्तीला मंजुरी मिळणं एक आणि नवीन हॉलला मिळणं वेगळं. त्यामुळे पाटी-खडू ताई, तुमची मागणी रास्त आहे, पण हॉलचे पैसे मागण्याआधी हॉल होऊ शकतो का हे कागदावर दिसलं पाहिजे.

दोन_उपासना

विरोधाचा सूर लावतोय, रागावू नका. मीही मेथडिस्टच, दुसऱ्या मंडळीतला. छप्पर जरूर करा, त्यात वाद नाही. पण वाढवायचं कशाला? सकाळी दोन उपासना घ्या, गर्दी विभागेल. आपल्या मंडळ्यांमधली मुलं फी भरता येत नाही म्हणून कॉलेज सोडतायत. बांधकामाला पैसा निघतो, शिक्षणाला निघत नाही, हे मला सलतं.

घोरपडीकर

तुमचं सलणं खरं आहे आणि रागावण्यासारखं त्यात काही नाही. दुसऱ्या उपासनेनं बाकं पुरतील. शब्बाथशाळेला खोली त्यातून मिळत नाही, उलट व्हेस्ट्री दोनदा अडते. हॉल झाला तर आठवडाभर संध्याकाळी तिथं अभ्यासिका चालवायची असं तरुणांनी सुचवलंय, वाडीवस्तीतल्या मुलांनाही खुली. घरात अभ्यासाला कोपरा नसलेली मुलं आमच्याही मंडळीत आहेत. फीचा निधी वेगळा हवा, हे मी बैठकीत मांडतो. बांधकामाच्या वर्गणीतून तो काढता येणार नाही, ज्या कारणासाठी घेतले त्याच कारणासाठी ते पैसे खर्च व्हायला हवेत.

आकडेमोड

व्यवसायानं सीए. थोडं लांब लिहितो, कारण या बाबतीत चांगल्या हेतूची माणसं अडकतात.

देणगीवर ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलत मिळेल असं सांगून पैसे गोळा करू नका. एका विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला ८०जीची सर्वसाधारण मान्यता मिळत नाही. दुरुस्ती-जीर्णोद्धारासाठी अपवाद आहे, पण तो केंद्र सरकारनं ऐतिहासिक, कलात्मक वा राज्यभर ख्याती असलेलं प्रार्थनास्थळ म्हणून अधिसूचित केलेल्या वास्तूंसाठी. तुमचं चर्च त्या यादीत नसेल तर देणगीदाराला स्पष्ट सांगा. नव्या करप्रणालीत गेलेल्या माणसाला तशीही ८०जीची वजावट नाही.

दानथैलीत निनावी पडलेल्या पैशाची काळजी नको. निव्वळ धार्मिक ट्रस्टच्या निनावी देणग्यांवर तो वेगळा ३० टक्के कर लागत नाही. रोखीत मात्र एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख किंवा जास्त रक्कम घेता येत नाही. तुकडे पाडून घेतली तरी तो नियमाचा भंगच.

मेथडिस्ट चर्चच्या मालमत्ता स्थानिक मंडळीच्या नावावर नसतात, मध्यवर्ती ट्रस्टकडे असतात. म्हणून बांधकामाचा करार कुणाच्या सहीनं होणार हे आधी लेखी घ्या. ट्रस्टच्या नावानं कर्ज काढायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. 'आधी कर्ज काढून छप्पर करू, मग फेडू' हे बैठकीत बोलण्याइतकं सोपं नाही.

आठवड्याची वर्गणी मला मनापासून आवडली, पण ती हळू साचते. त्यासाठी संकल्पपत्रं भरून घ्या. प्रत्येक घरानं वर्षभरात किती देणार ते लिहून द्यायचं, म्हणजे ठेकेदाराशी बोलताना हातात भरवशाचा आकडा असतो. आणि ज्यांना जमेल त्यांनी सहा महिन्यांचं आधी द्यायचं.

ह्यूस्टनहून

मी याच भागात वाढलो, आई अजून तिथल्याच मंडळीत आहे. डॉलर पाठवायची इच्छा आहे, पण परदेशी पैसा म्हटलं की सगळे घाबरवतात. नक्की नियम काय?

आकडेमोड

तुमचा पासपोर्ट कुठला, यावर आहे. भारतीय नागरिक असाल, तर ग्रीन कार्ड असो की व्हिसा, स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गानं पाठवलेले पैसे एफसीआरएखाली (परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली) परकीय योगदान ठरत नाहीत. पासपोर्टची प्रत पावतीसोबत लावून ठेवा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असलं तरी, ते परकीय योगदान धरलं जातं. मग घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच उतरायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला वळताही करता येत नाही. 'आईच्या खात्यात पाठवतो, ती चर्चला देईल' हा उपाय तुम्ही परदेशी नागरिक असाल तर करू नका. त्रास आईला होईल.

ह्यूस्टनहून

पासपोर्ट अजून भारतीय आहे. मग खडकीच्या क्लासमध्ये आईच्या नावाशेजारी माझं नाव घाला, मीही आठवड्याचाच हिशेब ठेवीन.

एमवायएफ_पिंपरी

तरुण संघाकडून. आमच्या वयाच्या मुलांच्या खिशात रोख नसतेच, क्यूआर कोड ठेवायलाच हवा. पण तो चर्चच्या खात्याचा हवा. कुणा सेक्रेटरीच्या किंवा खजिनदाराच्या खासगी खात्याचा कोड नोटीस बोर्डावर लागता कामा नये, माणूस कितीही सरळ असला तरी. ऑनलाइन देणगी गोळा करणाऱ्या साइट रकमेतून कापून घेतात आणि अनोळखी देणगीदाराच्या नागरिकत्वाचा प्रश्न येतो, म्हणून ते आम्ही बाजूला ठेवलं.

आमचा वाटा कापणीच्या सणाला. फुलांची सजावट, मांडव, लिलाव पुकारायची माणसं आमची.

वानवडीची_मावशी

घोरपडीकर भाऊ, सलाम. लिलावावरून लिहायला घेतलं.

कापणीच्या सणाला कुणी दुधी आणतं, कुणी कोंबडी, कुणी घरचा केक. एका वर्षी एका पेन्शनर बाईंनी परसातला भोपळा आणला होता. तो एकानं घेतला आणि परत टेबलावर ठेवला, दुसऱ्यानं घेतला आणि परत ठेवला, असं करत तो पाच-सहा वेळा विकला गेला आणि शेवटी त्या बाईंच्याच पदरात आणून घातला. त्यांनी तो चिरून सगळ्यांच्या जेवणात घातला. यात कुणाचं नशीब नाही की कुणाची हार नाही. हाउजीपेक्षा हे वाढवा. आमच्या महिला मंडळानं नाताळच्या फराळाची ऑर्डर घ्यायचं ठरवलंय, करंज्या, चकल्या, केक. त्याचे पैसे हॉलच्या निधीत टाका, पाटी-खडूच्या मुलांसाठी.

पण घरोघरच्या वर्गणीबद्दल एक सांगायचंय. फॉयसाहेबांची गोष्ट फार चांगली आहे. आपल्याकडे मात्र दारात माणूस आला, शेजारीण बघतेय, आणि घरात त्या आठवड्याला खरंच पैसे नसले, तर बाई उसने आणून देईल. मी अशी घरं बघितली आहेत. दर आठवड्याला बंद पाकीट ठेवा. रिकामं असलं तरी पाकीट घ्यायचं, वर क्लासचा क्रमांक, नाव नाही. लीडरनं आधी चहा प्यावा, प्रार्थना करावी, आणि पाकिटाचा विषय स्वतःहून काढू नये. शास्त्रात लिहिलंय, 'संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो.' दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकणाऱ्या विधवेलाही येशूनं मोजायला उभं केलं नव्हतं.

पेठेतला_वाचक

मावशी, पाकिटावर नाव नसेल तर पावती कशी देणार? मी वर पावतीवर एवढा जोर दिला होता.

आकडेमोड

क्लासच्या नावानं एकत्र पावती करता येईल. ज्याला स्वतःच्या नावाची हवी त्यानं नाव लिहावं. पाकिटं मात्र लीडरनं घरी उघडायची नाहीत, रविवारी दोघांसमोर उघडायची.

दोन_उपासना

हिशेबावर एक शास्त्रवचन. बायबलमधल्या '२ राजे' या पुस्तकाचा १२ वा अध्याय. योआश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी मंदिराची डागडुजी केलीच नव्हती, पैसे येत होते तरी. मग यहोयादा याजकानं एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पण पुढे असंही लिहिलंय की कामकऱ्यांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीनं वागत. आमच्याकडे एका कमिटीनं हेच वचन पुढे करून हिशेब टाळला होता.

घोरपडीकर

त्याच अध्यायात चार-पाच ओळी आधी बघा. पेटीत पैसे फार झाले की राजाचा लेखक आणि मुख्य याजक असे दोघे येत, मोजत, आणि पिशव्यांत बांधत. एक मंदिराचा, एक दरबारचा. मोजणी दोघांनी झाल्यावरच पैसे सुतार, गवंडी आणि पाथरवटांकडे जात. म्हणून आमच्याकडे मोजायला एक कमिटीतला आणि एक कमिटीबाहेरचा असेल, आणि महिन्याचा जमाखर्च दारातल्या बोर्डावर लागेल, छप्पर वेगळं आणि हॉल वेगळा.

मावशी, पाकीट तुम्ही म्हणता तसंच. चहा आधी, हेही तसंच. बुरूज बांधायला घेण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असं प्रभूनं सांगितलंय, म्हणून चुना_आणि_दगड, ऑडिट होईपर्यंत आम्ही एकूण रकमेचा आकडा कुठंही छापणार नाही. बाकावर आणि भिंतीवर पाट्या नकोत, हे मी कमिटीत ठामपणे मांडणार आहे. पेठेतल्या वाचकांचा अनुभव तिथं वाचून दाखवला तर चालेल ना?

पेठेतला_वाचक

जरूर. गावाचं नाव तेवढं विचारू नका. आणि कौलं उतरवायला माणसं कमी पडली तर कळवा, आम्ही चार-सहा जण येऊ.

चुना_आणि_दगड

कौलं उतरवताना फुटकी, शाबूत अशी तिथल्या तिथं वेगळी लावा आणि मागचा शिक्का बघून एकाच कारखान्याची एकत्र ठेवा, नाहीतर परत बसवताना खाचा जुळत नाहीत. गिलाव्याचा जवळून काढलेला फोटो टाका, सिमेंट आहे की चुना ते बघून सांगतो.

घोरपडीकर

रविवारी उपासनेनंतर काढून टाकतो. वानवडी आणि खडकीला लीडर मिळाले आहेत. वडगाव शेरीला अजून कुणी नाही, तिकडचं कुणी वाचत असेल तर इथंच लिहा.